‘कशावरून?’ विचारणारी मुलं
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, “तू तेहेतीस वर्षं विज्ञान शिकवलंस, त्यावर पंधरा मिनिटं बोल.” वर असंही बजावलं, की तास घेऊ नकोस, पंगत थांबली आहे. तेव्हा घंटा व्हायच्या आत संपवते.

आधी तुमची एक छोटी परीक्षा. प्रयोगवहीत ‘उद्देश’ लिहून झाला, की पुढे काय?

(सभागृहातून : “साहित्य!”)

बघा! चाळीस-चाळीस वर्षं झाली तरी विसरलेलो नाही. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजवीकडे रेघांवर मजकूर. आपल्यातले कोणी बँकेत गेले, कोणी शेती केली, कोणी गॅरेज काढलं, पण हा क्रम सगळ्यांना पाठ आहे.

हा क्रम चुकीचा नाही. पण तो लिहिण्याचा क्रम आहे, शोधण्याचा क्रम वेगळा असतो. वहीत सुरुवात ‘उद्देशा’ने होते. प्रत्यक्षात सुरुवात होते ती काहीतरी खटकण्यापासून. हे असं का? मग मनात एक अंदाज येतो. तो खरा की खोटा हे कसं कळेल, ते ठरवावं लागतं. ते करून बघायचं, दिसेल ते लिहायचं, त्यातून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही ते पाहायचं, आणि दुसऱ्याला सांगायचं, की आता तू करून बघ. अर्ध्या वेळा मधूनच परत मागे यावं लागतं. निरीक्षण, प्रश्न, अंदाज, प्रयोग, नोंद, निष्कर्ष, पडताळणी. फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात. मुलांच्या अंगी बाणवायला वर्ष पुरत नाही.

आपले विज्ञानाचे सर तुम्हाला आठवत असतील. त्यांच्या हातात छडी कधी नव्हती, पण एक शब्द होता. कोणीही उत्तर दिलं, की ते म्हणायचे, “कशावरून?” पृथ्वी गोल आहे. कशावरून? पुस्तकात आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला कशावरून कळलं? मग वर्गात शांतता. मी घरी जाऊन तोच शब्द आजीला ऐकवला, तेव्हा “उलट बोलायला शाळेत पाठवतो का तुला?” असं ऐकून घ्यावं लागलं. आपल्याकडे हा शब्द घरात उद्धटपणाचा आणि प्रयोगशाळेत हुशारीचा मानतात. मुलांना या दोन्ही जागी वावरायचं असतं, हे शिक्षकाने लक्षात ठेवावं लागतं.

पुढे मी स्वतः वर्गावर उभी राहिले, तेव्हा सहावीच्या मुलांना पहिला प्रयोग झोक्याचा द्यायची. एक दोरी, एक दगड, दाराची कडी. प्रश्न एवढाच, की झोका लवकर पुरा व्हायचा असेल तर काय करावं? जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात सांगायचा, “जड दगड बांधा.” ठीक आहे, अंदाज वहीत लिहा. इथे माझा एक नियम होता. अंदाज पेनने लिहायचा, खोडरबर दप्तरात. अंदाज चुकला तर गुण जात नाहीत, खोडला तर जातात.

मग गोंधळ सुरू व्हायचा. एक गट दगडही बदलायचा, दोरीही आखूड करायचा आणि वरून झोकाही जोरात द्यायचा. झोका लवकर झाला, की तिघं तीन कारणं सांगून भांडायचे. ते भांडण मी मुद्दाम चालू द्यायची. कारण थोड्या वेळाने त्यांच्यातलंच कोणीतरी म्हणायचं, “अरे, एका वेळी एकच बदलू या ना!” हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर त्यांनी उतरवून घेतलं असतं आणि विसरले असते. भांडून मिळालेलं वाक्य विसरत नाहीत.

दुसरी अडचण घड्याळाची. एक झोका मोजायला गेलं तर बोट दाबण्यातच चूक होते. मग २० झोके मोजून २० ने भागायचं, म्हणजे ती चूकही वाटली जाते. १ मीटर दोरीला २० झोक्यांना, म्हणजे २० वेळा जाऊन परत यायला, साधारण ४० सेकंद लागतात. दोरी पाव मीटर केली की साधारण २०. आणि दगड लहान असो की मोठा, लांबी तीच ठेवली तर आकडा तोच. जड दगडावर पैज लावलेली मुलं तीन-तीनदा मोजायची. आकडा बदलायचा नाही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, त्यासाठी मी नोकरी केली असं म्हणायला हरकत नाही.

आता तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट. नव्वदच्या दशकातली, आठवीच्या वर्गातली. प्रयोग अगदी साधा, पाण्याचा उत्कलनबिंदू काढणे. सहा गट, सहा तापमापक. चंचुपात्रात पाणी, खाली बर्नर. पाणी खळखळ उकळलं, मुलांनी आकडे लिहिले. वह्या तपासायला घेतल्या, तर सहाच्या सहा गटांचं निरीक्षण १०० अंश सेल्सिअस. सुंदर अक्षरात.

एका मुलीच्या वहीत मात्र १०० च्या खाली खोडलेला आकडा दिसत होता. ९७. मी तिला बोलावून विचारलं. ती रडवेली झाली. “बाई, आमचा पारा सत्त्याण्णवच्या वर जातच नव्हता. तापमापक खराब आहे. पुस्तकात शंभर आहे म्हणून शंभर लिहिलं.” मग मी इतर गटांना विचारलं. एकेक करून सगळे बोलते झाले. कोणाला ९७, कोणाला ९८, कोणाला साडेसत्त्याण्णव. शंभर कोणालाच दिसलं नव्हतं. शंभर सगळ्यांनी लिहिलं होतं.

मित्रमैत्रिणींनो, या जागेवर थोडं थांबू या. ती मुलगी खोटारडी नव्हती. वर्गातली सर्वांत सरळ मुलगी होती. पण आठ वर्षं शाळेत बसून ती एक गोष्ट पक्की शिकली होती. डोळ्यांना दिसतं ते आणि मोठ्यांना हवं असतं ते वेगळं असेल, तर मोठ्यांना हवं ते लिहायचं. आपण विज्ञानाच्या पायऱ्या शिकवत होतो, आणि ती चौथ्या पायरीवर हे शिकत होती. हीच मुलगी उद्या दवाखान्यात नर्स होते आणि तापाच्या तक्त्यात आकडा लिहिते. हाच मुलगा उद्या पुलाच्या काँक्रीटचा नमुना तपासतो. तिथे खोडून लिहिलेल्या १०० ची किंमत कोण मोजणार?

मी वर्गाला उत्तर सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “तापमापक खराब आहे, कशावरून?” पुढचे तीन आठवडे आमचा अभ्यासक्रम मागे पडला. पण झालं ते असं.

पहिला अंदाज, तापमापक खराब. मग तो तपासायचा कसा? एका मुलाला आठवलं, की वितळत्या बर्फात शून्य दाखवायला हवं. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला, कुटला, सहाही तापमापक त्यात बुडवले. सगळे शून्याला, एखादा अर्धा अंश इकडेतिकडे. तापमापक बरोबर, असं सगळे म्हणाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “खाली बरोबर म्हणजे वरही बरोबर, कशावरून?” मागच्या बाकावरचा तो मुलगा गणितात कायम काठावर पास व्हायचा. त्याचा प्रश्न चोख होता, आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नव्हतं. तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

दुसरा अंदाज, पाणी जड आहे. बोअरचं पाणी ना! मग बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी गॅरेजमधून आणलं. तेही साडेसत्त्याण्णवलाच उकळलं. तिसरा अंदाज, आच कमी पडते. दोन बर्नर लावले. पाणी जोरात उकळलं, लवकर आटलं, पारा जागचा हलला नाही. तीन अंदाज पेनने लिहिलेले, तिन्हींवर काट मारलेली. वर्ग हिरमुसला. मी म्हटलं, आपण हरलो नाही. तीन गोष्टी कारण नाहीत, एवढं आता आपल्याला ठाऊक आहे. सकाळी तेही नव्हतं.

मग एका मुलीने सहज सांगितलं, “बाई, माझी मावशी महाबळेश्वरला असते. ती म्हणते, वर उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकरच लागतो.” पाणी उकळतंय, पण डाळ शिजत नाही. म्हणजे तिथलं उकळतं पाणी कमी गरम असेल का? आपल्या इथल्यापेक्षाही कमी? आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर. आणि घाट उतरून कोकणात गेलं तर शून्य. मुलांनी स्वतःच वाक्य बनवलं : उंची वाढली की उकळण्याचं तापमान कमी होत असेल, तर महाबळेश्वरला पारा इथल्यापेक्षा खाली राहील आणि समुद्रावर इथल्यापेक्षा वर जाईल. तसं झालं नाही, तर आपला अंदाज चूक. जाण्याआधीच हे लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

त्या वर्षीची सहल महाबळेश्वर करून आंबेनळी घाटाने कोकणात उतरली. सामानात स्टोव्ह, पातेलं आणि तेच तापमापक. तेच का? कारण मुलांनी आता शिकून घेतलं होतं, की एका वेळी एकच बदलायचं. महाबळेश्वरला एसटी स्टँडच्या मागे स्टोव्ह पेटवला, बघायला गर्दी जमली. साडेपंच्याण्णव! दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून चटई धरली होती. पारा ९८, ९९ आणि मग शंभरच्या रेघेवर टेकला. पोरांनी असा आरडाओरडा केला, की वाटावं मॅच जिंकली. फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्नही सुटला. समुद्रकाठी तोच तापमापक १०० दाखवतो, म्हणजे तो वरच्या टोकालाही बरोबर होता.

त्यानंतर मी हवेच्या दाबाचा धडा घेतला. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढवतो, म्हणून तिथे पाणी १२० अंशांपर्यंत तापतं आणि डाळ झटकन शिजते. त्या धड्याला चाळीस मिनिटंही लागली नाहीत, कारण प्रश्न आधीच सगळ्यांचा झाला होता. मग आम्ही पाठ्यपुस्तक पुन्हा उघडलं. पुस्तक चूक नव्हतं. त्यात दाबाची अट लिहिलेली होती. ती आधी कोणी वाचलीच नव्हती, कारण सगळ्यांना फक्त आकडा हवा होता.

एका पालकांनी मला तेव्हा काळजीने विचारलं, “बाई, बोर्डाच्या पेपरात शंभर लिहायला लागतं. पोरगं सत्त्याण्णव लिहून बसलं तर?” त्यांची काळजी खोटी नव्हती. मी म्हटलं, ते लिहील, ‘प्रमाण दाबाला १००, आमच्या गावात साडेसत्त्याण्णव’. ज्याला दोन्ही माहीत आहेत त्याचे गुण कोणी कापणार नाही. आणि प्रयोगवहीत मात्र मी ९७ लाच पूर्ण गुण दिले.

परीक्षेमुळे हे करता येत नाही, असं शिक्षक म्हणतात. मीही त्यातलीच, अडचण मला कळते. पण आपल्याच देशात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलेलं आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे शेकडो सरकारी शाळांत पसरला. खेड्यातली मुलं गटागटाने प्रयोग करायची, स्वतःच्या नोंदींवर वाद घालायची. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेता यायची, आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा असायची. पाठांतर तपासायचंच नव्हतं. हा कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. तीस वर्षं चालला, म्हणजे चालू शकतो हे तरी सिद्ध झालं. आपल्या पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून जी शेकडो खेळणी मुलांपुढे ठेवली, त्यांची ओढ त्यांना या होशंगाबादच्याच कामातून लागली होती.

वरच्या वर्गातल्या मुलांना मी आणखी एक सावधगिरी शिकवायची. नोंद खरी असली तरी अनुमान अपुरं असू शकतं. बेल्जियममधले व्हान हेल्मॉन्ट यांनी सतराव्या शतकात कुंडीत २०० पौंड कोरडी माती घेऊन ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती मात्र जेमतेम २ औंस घटली. किती नेटका प्रयोग! ते म्हणाले, झाड पाण्याचंच बनतं. झाड माती खाऊन वाढत नाही, हे त्यांचं बरोबर. पण झाड हवेतूनही काही घेतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. तरीही त्यांची नोंद आजही उपयोगी पडते, कारण त्यांनी वजनं खरी लिहिली. अनुमान नंतर सुधारता येतं. खोटी नोंद कोणालाच सुधारता येत नाही.

आता हे सगळं फक्त आठवीच्या मुलांसाठी आहे का? २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा २०० मुलांच्या कुंडल्या केल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि एवढंच विचारलं, की कोणती कुंडली कोणत्या गटातली? किती बरोबर आल्यावर दावा मानायचा, हेही आधीच ठरवलं होतं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी ५० च्या आसपास येतात. मला या चाचणीत सर्वांत आवडतं ते हे, की त्यात कोणाची टिंगल नव्हती. तुमचा दावा काय, तो तपासायचा कसा, आणि निकाल कोणताही आला तरी लिहायचा, एवढंच होतं. सहावीतल्या झोक्याच्या प्रयोगाचेच नियम.

आणि हे करायला शास्त्रज्ञच व्हावं लागतं असंही नाही. आपल्यातले जे शेती करतात ते सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत ठेवतात, आठवड्याने कोंब मोजतात आणि मगच पेरणीचं ठरवतात. त्यात प्रश्न आहे, मोजमाप आहे, निष्कर्ष आहे. सत्तरपेक्षा कमी दाणे उगवले तर कोणताही शेतकरी शंभर लिहून स्वतःला फसवत नाही, कारण तिथे गुण पाऊस देतो.

आता शेवटचं, आणि हे मागणं आहे. शाळेला डिजिटल फळा द्यायचं आपल्या मंडळाने जाहीर केलं आहे. आनंदच आहे. पण पडद्यावर पाणी दर वेळी बरोबर शंभरलाच उकळतं, हे लक्षात असू द्या. आपली प्रयोगशाळा अजून जागेवर आहे. दहावीला विज्ञानाच्या शंभरातले २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, आणि कपाटांची कुलपं मात्र परीक्षेच्या सुमाराला उघडतात. शिक्षकांचा यात दोष नाही. एका तासात साठ मुलं आणि एक शिक्षक, यात काय होणार?

मुख्याध्यापकांनी महिन्यातले दोन शनिवार प्रयोगशाळा उघडी ठेवायला मोठ्या मनाने परवानगी दिली आहे. हवी आहेत माणसं. दर शनिवारी आपल्यातले चार जण. ज्याचं गॅरेज आहे त्याने बॅटरीचा व्होल्टेज मोजून दाखवावा. जी नर्स आहे तिने एकाच मुलाचं ब्लड प्रेशर बसून, उभं राहून आणि पळून आल्यावर मोजावं. शेतकऱ्याने गोणपाट आणावं. तुम्हाला उत्तरं येत नसली तरी चालेल. खरं तर उत्तरं सांगायचीच नाहीत. मुलांनी काही सांगितलं, की सरांचा तो एक शब्द म्हणायचा, आणि त्यांनी तुम्हालाच तो उलट विचारला तर रागवायचं नाही.

बाहेर पानसुपारीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. नाव आणि कोणता शनिवार जमेल तो लिहा. पेनने लिहा, खोडायचं नाही.